इंदूरचा सराफा : एका ओट्यावरील दोन व्यापार

बाजाराचा अभ्यास करावयाचा तर भावाबरोबर जागेकडेही पाहावे लागते. या दृष्टीने इंदूरचा सराफा आम्हां व्यापाऱ्यांस एक उत्तम पाठ आहे. राजवाड्याजवळच्या या अरुंद गल्लीत दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. रात्री माणसांचा राबता राहिला म्हणजे चोरास वाव मिळत नाही, म्हणून सराफांनीच या विक्रेत्यांना थारा दिला, असे सांगतात. पहारेकऱ्याचा पगार वाचविण्याची ही युक्ती खास व्यापारीच!

धान्यवाल्याचे लक्ष प्रथम भुट्ट्याच्या किसाकडे जाते. आमच्या गोणीत येतो तो वाळलेला मका. कीस होतो तो कोवळ्या, दुधाळ कणसाचा. कणीस किसून तुपात परतावयाचे, दुधात शिजवावयाचे, वर लिंबू, कोथिंबीर व खोबरे. दाणा जून झाला की सारी मेहनत वाया. म्हणून जाणता विक्रेता नख रुतवून कणीस पारखतो. साबुदाण्याची खिचडी येथे परतीत नाहीत. वाफविलेला साबुदाणा गिऱ्हाइकासमोर मसाल्यात कालवून त्यावर शेव पसरतात. उपासाच्या जिनसेवर बेसन पाहून महाराष्ट्रीय मनुष्य क्षणभर थबकतोच. हिवाळ्यात तळलेला गराडू मिळतो, पण तो कंद.

बाजार रात्रीचा, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांनी येथे केवळ पाहावे. सकाळी इंदूरचे पोहे-जिलबी घ्यावी, सर सेठ हुकुमचंद यांनी बांधविलेले काच मंदिर पाहावे आणि दिवसाउजेडी सराफ्यात जावे.

मात्र ही जुनी सोय आता वादात सापडली आहे. पाट्या वाढल्या, मोमो-नूडल्स आले, गॅसच्या टाक्या आल्या. २०२४-२५ च्या सुमारास आगीच्या भयाने सराफांनीच हा रात्रबाजार हलविण्याची मागणी केली. परंपरागत पदार्थांची दुकाने ठेवून बाकीची कमी करावीत, असा विचार त्यांतून पुढे आला. आमचे मत त्याच बाजूचे आहे. ज्याच्या ओट्यावर धंदा चालतो, त्याच्या तिजोरीखाली जाळ नको. परंतु जुना विक्रेता कोणता, हे भाड्याच्या पावतीवरून ठरवू नये; पुष्कळ ओटे तोंडी शब्दावर दिलेले असतात. त्यासाठी शेजारच्या पेढीवाल्याची साक्ष घ्यावी.