लंडनची शिदोरी

चामोर्शीपासून जवळच, वैनगंगेच्या काठी, मार्कंडा हे क्षेत्र आहे. येथे नदीचा प्रवाह वळून उत्तरेकडे वाहू लागतो, आणि त्या वळणावर दगडात कोरलेली प्राचीन मंदिरे उभी आहेत. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. यात्रेला येणाऱ्या अनेकांजवळ पैसा बेताचाच असतो. परंतु त्यामुळे त्यांची यात्रा अडत नाही. निघताना ते शिदोरी बांधून घेतात, चालवेल तितके चालतात, मिळेल त्या सावलीत विसावतात, आणि गाठीचा पैसा ज्या कामासाठी आणला त्याच कामी लावतात. आपण कशासाठी निघालो, हे यात्रेकरूला पक्के ठाऊक असते. म्हणूनच कोठे हात आखडावा आणि कोठे सैल सोडावा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दूरच्या प्रवासालाही हाच नियम लागू पडतो. परका देश, मोठे शहर, सोबतीला घरचे कोणी नाही आणि खिशात मोजके पैसे, अशा स्थितीत कसे राहावे? याचा उत्तम वस्तुपाठ एका एकोणतीस वर्षांच्या विद्यार्थ्याने घालून दिला आहे. १९२० च्या जुलै महिन्यात हा विद्यार्थी मुंबईहून आगबोटीने लंडनला निघाला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांनी लंडन पूर्वी एकदा पाहिले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे शिकावयास गेले. तेथील अभ्यास आटोपून १९१६ साली ते लंडनला आले. अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांनी ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या संस्थेत आणि बॅरिस्टर होण्यासाठी ‘ग्रेज इन’ या संस्थेत नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्ध्यावरूनच मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. परतताना त्यांचे सामान ज्या बोटीने यावयाचे होते, ती महायुद्धात पाणसुरुंगी हल्ल्याने बुडाली. कष्टाने जमविलेले कितीतरी ग्रंथ तिच्याबरोबर समुद्राच्या तळाशी गेले.

अभ्यास अपुरा, ग्रंथ बुडालेले आणि चार वर्षांची मुदत तर दिवसेंदिवस सरत चाललेली! दुसरा कोणी असता, तर त्याने नशिबाला दोष देऊन नाद सोडला असता. भीमरावांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी धरली, आणि पगारातून काटकसर करून पैसा शिल्लक टाकला. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. अशी तीन ठिकाणची पुंजी एकत्र बांधून ते निघाले. मागे मुंबईत पत्नी रमाबाई थोड्या पैशांत संसार चालवीत होत्या. तेव्हा लंडनात खर्च होणारा प्रत्येक शिलिंग कोणाच्या ना कोणाच्या कष्टातून आला आहे, याचे भान त्यांना सतत होते.

भीमरावांची दिनचर्या पाहिली म्हणजे हे भान कसे होते ते कळते. ते भाड्याच्या लहानशा जागेत राहत. सकाळच्या न्याहारीला पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि बोव्हरिल नावाच्या गरम पेयाचा पेला एवढेच असे. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची वाट धरीत. गाडीभाडे वाचावे म्हणून होता होईल तो पायीच जात. ग्रंथालयाचे दार उघडताच आत शिरणाऱ्या पहिल्या काही वाचकांत ते असत, आणि बंद होण्याची वेळ झाल्यावर नाइलाजाने उठत. दुपारच्या जेवणासाठी बाहेर जाणे म्हणजे पैसा व वेळ दोन्ही घालविणे. म्हणून ते बहुधा जेवण टाळीत. संध्याकाळी इतर ग्रंथालये पाहून ते खोलीवर येत व पुन्हा वाचावयास बसत. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर होई. मग मित्राने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजावयाचे, त्यावर पेलाभर दूध घ्यावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडावयाचे. त्या खोलीत पापडाचा वास दरवळला, की परक्या मुलखातही घटकाभर घर जवळ आल्यासारखे वाटत असेल.

त्यांच्या खोलीत अस्नोडेकर नावाचे दुसरे विद्यार्थी राहत. मध्यरात्री त्यांना जाग येई, तेव्हा भीमराव वाचीतच असलेले दिसत. रात्र फार झाली, आता तरी झोपा, असे ते सांगत. त्यावर भीमरावांचे उत्तर ठरलेले असे. अन्नासाठी पैसा नाही आणि झोपेसाठी वेळ नाही. म्हणून हाती घेतलेले काम जितक्या लवकर संपेल तितके संपविले पाहिजे, असा त्या उत्तराचा आशय होता.

परक्या शहरात केवळ खोलीचे भाडे आणि खाण्याचा खर्च मोजून भागत नाही. पैशाचा भावही पाहावा लागतो. इंग्लंडात त्या काळी बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. १९२० साली सरकारने एका रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरविला. त्या भावाने दहा रुपयांत एक पौंड मिळावयाचा. परंतु बाजारात तो भाव टिकला नाही. रुपया घसरत घसरत १९२१ साली एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली उतरला. एक शिलिंग चार पेन्सांच्या भावाने हिशेब केला, तर एका पौंडासाठी पंधरा रुपये मोजावे लागतात. म्हणजे मुंबईहून तेवढेच रुपये आले, तरी लंडनात विद्यार्थ्याच्या हाती पौंड कमी पडावयाचे. पाव तोच, भाडे तेच. पण घरून येणारा रुपया मात्र लहान झालेला!

रुपयाचा भाव असा का हालतो, त्याने कोणाचे नुकसान होते आणि तो स्थिर कसा राहील, याच प्रश्नांचा भीमरावांनी लंडनात सखोल अभ्यास केला. त्यांच्या प्रबंधाचा विषयच ‘रुपयाचा प्रश्न’ हा होता. ज्या गोष्टीची झळ परदेशी शिकणाऱ्या प्रत्येक गरीब विद्यार्थ्याला लागत होती, तिचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी जुने अहवाल आणि ग्रंथ पालथे घातले.

या काटकसरीत एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. भीमराव पोटाला चिमटा घेत, पण पुस्तकांच्या बाबतीत त्यांचा हात कधी आखडत नसे. जेवणाचे पैसे वाचवून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. कंजूष माणूस पैसा साठविण्यासाठी पैसा वाचवितो. काटकसरी माणूस आपल्या मुख्य कामासाठी तो वाचवितो. दोघांची खिशाकडे पाहण्याची रीत सारखी दिसते, परंतु दोघांच्या मनांत महदंतर असते.

या श्रमांचे फळ मिळाले. १९२१ साली भीमरावांना लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. ही पदवी मिळाली. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी त्यांनी आपला मोठा प्रबंध सादर केला. परंतु त्यातील परखड मते परीक्षकांना रुचली नाहीत, आणि प्रबंधाचा काही भाग पुन्हा लिहावा, असे त्यांना सांगण्यात आले. तोपर्यंत जवळचे पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, त्यांनी प्रबंध सुधारून लंडनला पाठविला, आणि त्याच वर्षी डी. एस्सी. ही पदवी त्यांच्या पदरी पडली. तो प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला.

हेच भीमराव पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून साऱ्या देशाला वंदनीय झाले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, ते दीक्षा समारंभासाठी चंद्रपूरला आले. चामोर्शी त्या वेळी चांदा, म्हणजेच चंद्रपूर, जिल्ह्यात होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. चंद्रपूरच्या त्या समारंभासाठी झटणारे राजाभाऊ खोब्रागडे हे त्याच शहराचे सुपुत्र. तेही लंडनला जाऊन ‘लिंकन्स इन’ या संस्थेतून बॅरिस्टर झाले होते. पुढे १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. लंडनची वाट वनांच्या या मुलखालाही अपरिचित राहिली नाही, हे यावरून दिसते.

आज ती वाट पुष्कळ सोपी झाली आहे. चामोर्शीहून एस. टी. ने गडचिरोली किंवा चंद्रपूर, तेथून नागपूर आणि पुढे विमान, असे जाता येते. आगबोटीला लागणारे आठवडे आता लागत नाहीत. निघण्यापूर्वी पारपत्र काढावे लागते व व्हिसा मिळवावा लागतो. युरोपातील बऱ्याच देशांना मिळून शेंगेन नावाचा एकच व्हिसा चालतो. ब्रिटनसाठी मात्र निराळा लागतो. ज्या शाहू महाराजांनी भीमरावांना मदतीचा हात दिला, त्यांच्याच नावाने महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही परदेश शिष्यवृत्तीची योजना आहे.

प्रथमच एकट्याने जाणाऱ्या तरुणाला युरोपच्या मोठ्या शहरांत थोडक्या खर्चात राहण्याच्या सोयी सापडतात. तरुण प्रवाशांसाठी तेथे स्वस्त वसतिगृहे असतात. एका खोलीत सहा-आठ जण राहतात, आणि पुष्कळ ठिकाणी सामायिक स्वयंपाकघर असते. तेथे आपला डाळभात आपण शिजविला, तर उपाहारगृहाचा खर्च वाचतो. पारपत्र आणि पैसे जपावे, पोहोचण्याची जागा आधी ठरवावी, घरी वेळच्या वेळी खुशाली कळवावी आणि रोजचा खर्च रोज लिहावा, एवढी दक्षता मात्र हवी. उपाशी राहणे हा काही काटकसरीचा नियम नव्हे. भीमरावांवर तो प्रसंग आला. तसा तो पुढच्या विद्यार्थ्यांवर येऊ नये, यासाठीच तर शिष्यवृत्त्या आहेत.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात भीमराव १९२१-२२ साली राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतले असून २०१५ साली तेथे त्यांचे स्मारक झाले. त्या घरापासून ब्रिटिश म्युझियमपर्यंत पायी जाता येते. म्युझियमचे कायमचे संग्रह पाहण्यास शुल्क नाही. तेथील जुने ग्रंथालय आता ब्रिटिश लायब्ररी या नावाने शहरात दुसऱ्या ठिकाणी नांदत आहे. हा रस्ता चालून जावयास आजही एक पैसा पडत नाही. मात्र आपण येथे कशासाठी आलो, या प्रश्नाचे उत्तर चालणाऱ्याने घरूनच बरोबर नेले पाहिजे. ती शिदोरी कोणत्याही परक्या शहरात विकत मिळत नाही.

अभ्यास

१. भीमरावांना १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून का परतावे लागले? पुन्हा जाण्यासाठी त्यांनी पैसा कसा उभा केला?
२. कंजूषपणा आणि काटकसर यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. रुपयाचा भाव एक शिलिंग तीन पेन्स असेल, तर एका पौंडासाठी किती रुपये लागतील?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हात आखडणे, पोटाला चिमटा घेणे, पालथे घालणे, पदरी पडणे.
५. तुमच्या गावाहून एखाद्या दूरच्या शहरी एकट्याने जावयाचे आहे, असे समजून प्रवासाचा हेतू व खर्चाचा अंदाज लिहा.