पावसाची रात्र आणि मुलांची झोप

पाऊस सुरू झाला की मावळात भातलावणीची लगबग उडते. परंतु याच पावसाची दुसरी आठवणही या डोंगराळ भागात आहे. जुलै १९८९ मध्ये लोणावळ्याजवळील भाजे गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातीलच माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. अशा आपत्तीनंतर घरे पुन्हा उभी राहतात; पण भ्यालेल्या मुलाच्या झोपेचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

झोप का उडते?

निश्चिंत झोपेसाठी आपण सुरक्षित आहोत ही खात्री मनाला असावी लागते. बालपणी आपत्ती, मारहाण, उपेक्षा वा आप्तवियोग वाट्यास आला, तर मेंदू जणू सतत पहाऱ्यावर राहतो. बारीकशा आवाजाने जाग येते, भीतिदायक स्वप्ने पडतात. अपुऱ्या झोपेमुळे दिवसा चिडचिड व चिंता वाढते आणि हीच चिंता पुन्हा रात्रीची झोप हिरावून घेते. बालपणातील प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्याचा धोका अधिक, असे अमेरिकेतील संशोधनात आढळले आहे.

मनाची उभारी

तथापि हा काही ललाटलेख नव्हे. हवाई द्वीपसमूहातील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. अत्यंत प्रतिकूल स्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्तबगार निघाली. मायेने पाठीशी उभे राहणारे एक तरी माणूस, मग ती आजी असो वा शिक्षक, त्यांना लाभले होते.

पालकांनी काय करावे?

मुलाला ‘भित्रा’ म्हणून हिणवू नये. त्याचे बोलणे शांतपणे ऐकावे. झोपेची वेळ ठरलेली असावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. झोपण्यापूर्वी संथ, दीर्घ श्वसनाचा सराव उपयोगी पडतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेने अशा यौगिक क्रियांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. तक्रार महिनाभर टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर सल्ला घ्यावा.

पाऊस दरवर्षी येणारच. त्या रात्री मुलाजवळ कोणीतरी जागे आहे, एवढा विश्वास त्याला देणे मात्र आपल्या हाती आहे.