शिकाऊ उमेदवारी : करार, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र

काटोलच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. आमच्याकडून कापड घेतलेले गिऱ्हाईक पुढे शिलाईसाठी टेलरकडे जाते, त्यामुळे कारागीर मंडळींशी आमचा रोजचा संबंध. मागे एक तरुण दुकानात आला. दहावीनंतर चार वर्षे त्याने एका टेलरकडे काम शिकले होते. शर्ट, पँट, सफारी, शेरवानी, सर्व काही त्याला कापता-शिवता येत होते. नागपूरकडच्या एका कारखान्यात तो नोकरीसाठी गेला, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला गेला, "प्रमाणपत्र आणले आहे का?" ते नव्हते. मग त्याला हेल्पर म्हणून घेण्याची तयारी दाखवण्यात आली. तो आमच्याकडे शिफारशीची चिठ्ठी मागायला आला. आम्ही ती लिहून दिली, पण कापडवाल्याच्या चिठ्ठीला तेथे काय किंमत असणार?

हातात हुनर आहे, पण त्याचा पुरावा नाही, अशी आपल्या अनेक मुलांची स्थिती आहे. मुलगा कामाला लावताना आपण उस्ताद कोण, हे विचारतो. अटी काय, हे विचारत नाही. म्हणून पगारी प्रशिक्षणाची, म्हणजेच शिकाऊ उमेदवारीची पद्धत या लेखात समजून घेऊ. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. 'आस्थापना', 'विद्यावेतन' असे सरकारी शब्द सुरुवातीला आम्हालाही अडले. आस्थापना म्हणजे दुकान, वर्कशॉप किंवा कारखाना. विद्यावेतन म्हणजे शिकत असताना मिळणारी रक्कम.

उमेदवार म्हणजे नोकर नव्हे

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यावर ही सारी व्यवस्था उभी आहे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे त्याला प्रॉव्हिडंट फंडासारखे कामगारांचे लाभ मिळत नाहीत. शिकणे संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. करारात तशी अट असेल तरच ते येते.

याच्या बदल्यात कायद्याने उमेदवाराला संरक्षण दिले आहे. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंदणी होते. उमेदवार अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालक सही करतात. वय किमान १४ वर्षे हवे, धोक्याच्या कामासाठी १८. शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. तंटा झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागार या अधिकाऱ्यापुढे नेता येतो.

आपल्या धंद्यांच्या दृष्टीने एक कलम फार महत्त्वाचे आहे. उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत. शिलाई आणि विणकामात नगावरच हिशेब होतो, म्हणून अनेकांना हे विचित्र वाटेल. पण कारण साधे आहे. नगाचा हिशेब लागला की मुलगा दिवसभर कॉलरच शिवत बसतो आणि कटिंग शिकतच नाही. सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्याला जादा वेळही राबवता येत नाही.

विद्यावेतन किती?

२०१९ च्या नियमांत दरमहा किमान रकमा ठरवण्यात आल्या : पाचवी ते नववी शिकलेल्यास ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णास ६,०००, बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. या रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून सही करण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. ही किमान रक्कम आहे. मालक जास्त देऊ शकतो, कमी देऊ शकत नाही.

मालकांनीही वाचावे

३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. म्हणजे मध्यम दुकानदार किंवा गॅरेजवालाही रीतसर उमेदवार घेऊ शकतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विहित विद्यावेतनाचा २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्राने उचलला. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात देण्याची पद्धत आली.

मग दोन मशीनवाल्या टेलरने काय करावे? तो या कायद्याच्या बाहेर राहतो. त्याच्याकडे काम येत असलेला १८ वर्षांवरचा मुलगा असेल, तर २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. तीत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, चर्मकार अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना स्थान आहे. त्यांना काही दिवसांचे प्रशिक्षण, रोज ५०० रुपये, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी साहाय्य आणि ओळखपत्र देण्याची तरतूद आहे. मात्र ही उमेदवारी नव्हे, दोन्हींची गल्लत करू नये.

खरी कमाई प्रमाणपत्राची

तरुणांना आमचे सांगणे असे, की ६,००० की ७,००० यावर फार अडून बसू नका. हेल्पर म्हणून कदाचित आजच जास्त मिळतील. पण हेल्परला दहा वर्षांनीही हेल्परच म्हणतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा निर्दिष्ट व्यवसायांत उमेदवारी पुरी करून शेवटची परीक्षा दिली, तर देशभर चालणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. आयटीआय करून आलेल्या मुलाला मूलभूत प्रशिक्षण पुन्हा करावे लागत नाही. आपल्या काटोलात शासकीय आयटीआय आहे. वायरमन, वेल्डर यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्णही चालतो. संत्री आणि कापसाच्या या भागात विहिरीवरच्या मोटारी, ट्रॅक्टर, जिनिंगची यंत्रे बिघडतातच, आणि बुटीबोरीचे कारखानेही दूर नाहीत. शिकलेल्या हाताला काम कमी पडणार नाही.

सही करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहा : करार नोंदवला जाणार आहे का, त्यावर व्यवसायाचे नाव आहे का, मुदत किती, विद्यावेतन कोणत्या तारखेला, आणि शेवटी परीक्षा कोणती. कराराची एक प्रत घरी ठेवा. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ती उमेदवारी नसून स्वस्तातली मजुरी आहे, असे समजावे.

आणि आम्ही व्यापारी? आम्ही चिठ्ठ्या पुष्कळ लिहिल्या. आता मुलगा कामाला लागण्याआधीच त्याच्या बापाला बोलावून हे पाच प्रश्न समजावून सांगतो. चार वर्षांनंतरच्या शिफारशीपेक्षा पहिल्या दिवसाचा हा सल्ला जास्त उपयोगाचा आहे.