आकेशिया लावण्याआधी, आणि लावून झाल्यावरही

बाबू, वडिलोपार्जित वरकसात झाडं लावायचं तू मनावर घेतलंस याचं मला फार समाधान आहे. पण रोपवाटिकेतून आकेशियाची रोपं आणणार आहेस असं कळलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. एकदा पाऊस लागला की तुला ऐकायला सवड मिळणार नाही.

आकेशियाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचं हे झाड. मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतलं नत्र वापरतं, म्हणून नापीक जांभ्यातही भराभर वाढतं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे गडगा घातला नाही तरी चालतं. 1980च्या दशकात सामाजिक वनीकरणाला असंच झाड हवं होतं. डोंगर बोडके झाले होते, चुलीला लाकूड मिळत नव्हतं. गोव्यात खाणीच्या मातीच्या ढिगांवरही तेच लावलं. त्याचं सरपण आजही चांगलं धगधगतं. लावणाऱ्यांची गरज खरी होती. पण त्या गरजेपुरतं ते झाड थांबलं नाही.

झाड लावताना त्याचं बी कुठे जाणार ते आधी बघायचं, ही आपल्या घरची जुनी रीत. काजूची बी माणूस वेचतो. आकेशियाचं बी वेचायला कोणी जात नाही. पावसाळा सरता सरता पिवळे तुरे येतात, उन्हाळ्यापर्यंत शेंगा पिकून कानाच्या पाळीसारख्या पिळवटतात आणि उकलतात. आत काळं, टणक बी आणि त्याला केशरी दोरा. त्या रंगाला पाखरं भुलतात आणि बी लांब नेऊन टाकतात. उरलेलं झाडाखालीच पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

आता नीट लक्ष दे. रोपवाटिकेत हे बी पेरण्याआधी त्यावर उकळतं पाणी ओततात, कारण कवच इतकं घट्ट की त्याशिवाय आत पाणी शिरत नाही. वणव्याची धगही तेच काम करते. म्हणून लावलेला आकेशिया पुढे कधी तोडलास तर ती जागा कधीही जाळू नकोस. फांद्या, पाला एकत्र करून तिथेच पेटवायचा मोह होतो, आणि पुढच्या पावसात त्या राखेतून रोपांचं रान उठतं. फांद्या ओढून बाहेर काढ, सरपणाला वापर, भाजावळही त्या तुकड्यात करू नकोस.

तोड करायची ती तुरे दिसू लागले की, शेंगा पिकायच्या आत. मोठी झाडं जमिनीलगत कापलीस तर बहुतेक पुन्हा फुटत नाहीत. कोवळ्या खुंटांना धुमारे येतात, ते हाताने ओरबाडून टाकायचे. आणि सगळं रान एका हंगामात साफ करायला जाऊ नकोस. या झाडाच्या रोपाला ऊन लागतं. तू मोकळं केलंस की मातीतलं बी तिथेच वर येणार. पुढच्या पावसाळ्यात जेवढं उपटायला घरात हात आहेत, तेवढाच पट्टा तोड. मजूर लावून दहा गुंठे साफ करायचे आणि मग तिकडे फिरकायचं नाही, यात पैसे आणि जमीन दोन्ही जातात.

उपटताना रोप ओळखायला शीक. पहिली पानं अगदी बाभळीसारखी बारीक असतात. पुढे देठच चपटे होऊन कोयत्यासारखे वाकडे होतात, तेच आपण पान म्हणून बघतो. खैराच्या रोपाला आकडीसारखे जोडीने काटे येतात, ते रोप जप. शिरीष बिनकाट्याचा असतो, पण त्याचा देठ कधी असा चपटा होत नाही. शंका आली तर चपटं पान दिसेपर्यंत थांब, मग ओल असताना मुळासकट उपट.

आकेशियाच्या झाडाखालचा पालापाचोळा काजूच्या आळ्यात घालू नकोस. तो लवकर कुजत नाही, आणि त्यातून बीही जातं. घरासाठी भरावाची माती घेतानाही ती कुठल्या रानातली ते विचार. गाडीबरोबर बी येतं.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, तर हे झाड मुळीच नको. बाहेरून बघणाऱ्याला सडा ओसाड वाटतो. जून ते ऑक्टोबर तिथे उभा राहा आणि बघ: गवत, सीतेची आसवं, गेंद, आणि फक्त कोकणातच उगवणारा दीपकाडी. रत्नागिरी-राजापूरकडे याच कातळावर कातळशिल्पंही आहेत. वीतभर मातीवरची ही दुनिया झाडाच्या सावलीत आणि जाड पाल्याखाली जगत नाही. निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांवर असंच झालं. तिथे टॅनिनसाठी लावलेला वॅटल हा आकेशियाचाच भाऊबंद, त्याने गवताळ माळ गिळले. दक्षिण आफ्रिकेत असली झाडं नदीकाठचं पाणी ओढून घेतात, म्हणून 1995पासून सरकार माणसं लावून ती काढतं आहे. केरळानेही 2021 साली जंगलातल्या आकेशिया, वॅटल, निलगिरीच्या जागी पुन्हा देशी जंगल आणायचं धोरण आणलं.

मग लावायचं काय? खैर लाव. त्याच बाभळीच्या कुळातला, पण इथलाच. पाणी घालावं लागत नाही, तोडल्यावर फुटतो, आणि त्याच्या गाभ्याचा कात होतो, हे चिपळूण-सावर्ड्याकडच्या माणसाला सांगायला नको. पहिली काही वर्षं शेळ्या-गुरांपासून राखावा लागतो, आणि गाभा धरायला वीस वर्षं तरी लागतात; एवढा धीर धरायची तयारी हवी. तोडण्याआधी वनखात्याची परवानगी लागते, म्हणून लावतानाच तलाठ्याकडून सातबारावर नोंद करून घे. बांधाला ऐन, किंजळ, कुंभा राहू दे. त्यांच्या कवळाने राब भाजला जातो आणि दाट सावलीत आकेशियाचं रोप तग धरत नाही.

आणि एक. तुझ्या गडग्यापलीकडे शेजाऱ्याची आकेशियाची रांग आहे. ती उभी असेपर्यंत तुझ्या वरकसात बी येतच राहणार. भांडायला जाऊ नकोस. दसऱ्यानंतर त्याच्या पडवीत जाऊन बस, तोडायला तुझी माणसं दे आणि लाकूड सगळं त्यालाच ठेवू दे.