हरवलेली किल्ली आणि मोटारीचा चलनरोधक

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात बेझंट नगरचा समुद्रकिनारा आहे. सायंकाळी तेथे सहकुटुंब फिरावयास येणाऱ्यांची गर्दी असते. अशा वेळी एखाद्या गृहस्थाच्या खिशातून मोटारीची किल्ली वाळूत पडली आणि लाटेबरोबर नाहीशी झाली, अशी कल्पना करू. किल्ल्या करणारा एक कारागीर येतो आणि दाराच्या कुलपाची रचना पाहून धातूची नवी किल्ली घडवितो. दार उघडते, आतील कुलपात किल्ली फिरते, एंजिनही घरघरते. परंतु दोन-एक सेकंदांत ते बंद पडते. समोरच्या फलकावर किल्लीचे चित्र असलेला एक लहान दिवा मात्र लुकलुकत राहतो. किल्ली कुलपात तंतोतंत बसते, तरीही मोटार तिला नाकारते. असे का व्हावे?

जुने कुलूप

१९६१ साली मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीच्या मालकास हा प्रश्न पडला नसता. त्या काळच्या मोटारीत किल्लीचे काम एवढेच असे की, कुलूप फिरवून विजेच्या तारा एकमेकींस जोडावयाच्या. चांगल्या कारागिराने कानशीने घासून केलेली दुसरी किल्ली पहिलीइतकीच उपयोगी पडे. परंतु जी सोय मालकास, तीच चोरासही होती. कुलपामागील तारा हाताने जोडल्या की किल्लीवाचूनही एंजिन चालू होई. कुलूप कितीही भक्कम केले तरी तारांना माणूस ओळखता येत नाही, हा त्या रचनेतील दोष होता.

हा दोष दूर करण्यासाठी जी योजना निघाली, तिला व्यवहारात इमोबिलायझर म्हणतात. तिच्या कार्यावरून येथे तिला ‘चलनरोधक’ म्हणू.

किल्लीतील मूक अंक

चलनरोधक असलेल्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक कुपी किंवा तेवढीच चिप बसविलेली असते. तिच्यात तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे व स्मरणशक्ती असलेले एक सूक्ष्म मंडल असते. बॅटरी नसते. मग तिला शक्ती कोठून मिळते?

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवले असता त्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखविले. मोटारीच्या कुलपाभोवती असेच दुसरे वेटोळे असते. किल्ली फिरविताच त्यातून सेकंदास सुमारे १,२५,००० आवर्तने करणारा, दिशा बदलत राहणारा प्रवाह वाहू लागतो. त्याच्या क्षेत्रामुळे किल्लीतील वेटोळ्यात अल्पशी वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन आपले उत्तर देते. हे क्षेत्र काही सेंटिमीटरांपलीकडे पोचत नाही.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येईल. किल्लीवरील बटण दाबून दार उघडणारा भाग बॅटरीवर चालतो. चलनरोधकाची चिप तिच्यावर अवलंबून नसते. म्हणूनच बॅटरी संपली तरी किल्ली ‘मेली’ असे समजू नये. बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारींतही किल्ली अगदी जवळ धरण्याची एक जागा ठरवून दिलेली असते. ती मोटारीच्या माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावी.

प्रश्न आणि उत्तर

प्रारंभीच्या काही योजनांत चिप आपला ठरीव अंक सांगे आणि मोटार तो ताडून पाही. परंतु तो एकदा ऐकून ठेवणाऱ्यास त्याची नक्कल करता येते. म्हणून पुढे प्रश्नोत्तराची रीत आली. समजा, दोन मित्रांनी ७ हा अंक गुप्त ठरविला आहे. एकाने कोणतीही संख्या सांगावी. दुसऱ्याने तिला ७ ने गुणून शेवटचे दोन अंक सांगावेत. ४८ चे उत्तर ३६, ६५ चे उत्तर ५५. प्रश्न दर वेळी नवा असतो, आणि ७ हा अंक कोणीच उच्चारीत नाही. मोटार व किल्ली यांचे संभाषण असेच चालते; केवळ त्यांचे गणित पुष्कळ अवघड असते. उत्तर चुकले की एंजिनाचा नियंत्रक इंधन व ठिणगी रोखून धरतो. काही मोटारींत तर एंजिन फिरतच नाही.

हे गणितही अभेद्य नसते. एका प्रचलित पद्धतीत ४० द्विमान अंकांची गुप्त संख्या वापरीत. अशा सुमारे १,१०,००० कोटी संख्या संभवतात; तरीही २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी ती पद्धत भेदून दाखविली. तथापि चलनरोधकाचा उपयोग निःसंशय आहे. युरोपीय संघात १९९८ साली तो नव्या मोटारींत सक्तीचा झाला. त्याच वर्षी चेन्नईनजीक श्रीपेरुंबुदूर येथे ह्युंदाईच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासानुसार, सक्तीनंतरच्या पहिल्या दहा वर्षांत तेथील मोटारचोरीचे प्रमाण सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास घटले.

किल्ली हरविल्यावर

आता किनाऱ्यावरील गृहस्थाकडे वळू. त्याची दुसरी किल्ली घरी असेल, तर संकट लहान आहे. ती घेऊन अधिकृत दुरुस्तिकेंद्रात गेल्यास नवी किल्ली मोटारीच्या स्मृतीत नोंदविता येते. त्याच वेळी हरवलेल्या किल्लीची नोंद पुसून घ्यावी. ही गोष्ट बहुतेकजण विसरतात. नोंद पुसल्यावर त्या किल्लीने एंजिन चालत नाही. मात्र तिचे धातूचे पाते पूर्ववत् दार उघडू शकते. किल्लीबरोबर घराचा पत्ताही हरवला असेल, तर दाराची कुलुपे बदलणे इष्ट होय.

सर्वच किल्ल्या हरवल्या असतील, तर मोटार ओढून केंद्रात न्यावी लागते किंवा तंत्रज्ञास बोलवावे लागते. तेथे नोंदणी प्रमाणपत्र व मालकाचे ओळखपत्र पाहतात. मग सांगाड्यावरील क्रमांकावरून मोटारीचा गुप्त संकेतांक कारखान्याकडून मागविला जातो आणि तपासणी यंत्र जोडून नवी किल्ली नोंदविली जाते. काही मोटारींत चलनरोधकाचा भागच बदलावा लागतो, व खर्च बराच वाढतो.

ह्या काळात काही गोष्टी टाळाव्यात. बॅटरीची तार सोडून ठेवल्याने नोंद पुसली जात नाही, कारण ती स्मृती विजेवाचूनही टिकते. चेन्नईचा पुदुपेट बाजार जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. पण तेथून दुसऱ्या मोटारीचा नियंत्रक आणून नुसता बसविला, तर तो ह्या मोटारीस परका असल्याने पेच अधिकच वाढतो.

खरा उपाय आधीचाच आहे. दोन किल्ल्या असतानाच तिसरी करून घ्यावी. काही मोटारींत नोंदलेल्या दोन किल्ल्या हाती असतील, तर मालकास तिसरी स्वतः नोंदविता येते. एकच उरली की ही वाट बंद होते. संकेतांकाची पट्टी मिळाली असेल, तर ती मोटारीत न ठेवता घरी ठेवावी. मोटार चोरीस गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, म्हणून हरवल्याची सूचना पोलिसांस व विमा कंपनीस वेळीच देऊन तिची पोच जपून ठेवावी.

संकेतांक कोणाच्या हाती?

येथे एक कठीण प्रश्न उरतो. संकेतांक सहज मिळू लागला, तर तो चोरासही मिळेल. फार दडवून ठेवला, तर प्रामाणिक मालक आपल्याच मोटारीपुढे असहाय होईल आणि सांगतील ती किंमत मोजील. २४ डिसेंबर २०२२ रोजी भारत सरकारने ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे, तो ह्याच प्रकारच्या प्रश्नांमुळे. सांकेतिक लेखनाचा अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ साली एक तत्त्व मांडले होते: पद्धत शत्रूस ठाऊक झाली तरी चालावे, गुप्त राहावी ती केवळ तिची किल्ली. दुरुस्तीचे ज्ञान खुले ठेवून संकेतांक तेवढा जपणे, हे त्या तत्त्वास धरूनच होईल.

मोटार मालकास ओळखीत नाही. ती केवळ एका संख्येस ओळखते. ती संख्या लाटेबरोबर गेली की मालकही मोटारीस परका होतो. मग त्याची ओळख पटवितात ती कपाटातील कागदपत्रे. म्हणून किल्लीइतकीच काळजी त्यांचीही घ्यावयास हवी.