गल्लीतली गाडी आणि आपली लेकरे

तुमसर तालुक्यातले आंबागड बाहेरच्या माणसाला डोंगरावरच्या किल्ल्यामुळे माहीत असते. हा पाठ मात्र वस्तीतल्या गल्लीचा आहे, आणि अशी गल्ली आंबागडला आहे तशी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी आहे. दोन्हीकडे घरे, उंबरठा ओलांडला की रस्ता. कुठे बंडी उभी, कुठे घरकुलाची रेती टाकलेली. ज्याला अंगण नाही त्या घराचे अंगण म्हणजे हीच गल्ली. बाया तिथेच तांदूळ निवडतात, पोरे तिथेच खेळतात.

गल्ली मातीची होती तेव्हा गाडी आपोआप हळू चालायची. सिमेंटचा रस्ता झाला, चिखल गेला, हे चांगलेच झाले. पण त्याच रस्त्याने वेगही घरात आणला. आणि हा वेग बहुतेक वेळा परक्या ट्रकचा नसतो. आपल्याच पुतण्याची मोटरसायकल, आपल्याच शेजाऱ्याचा ट्रॅक्टर असतो.

थोडा हिशेब पाहू. ताशी 20 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, ताशी 40 ची अकरा मीटर. समोर लेकरू आले हे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे 40 च्या वेगात गाडी तीन-चार दारे ओलांडून जाते आणि मग कुठे ब्रेक लागायला सुरुवात होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे घसरणे चौपट होते. पावसात किंवा रस्त्यावर शेण पडलेले असेल तर त्याहून जास्त. पायी माणसे आणि गाड्या एकत्र असतील तिथे ताशी 30 ही कमाल मर्यादा असावी, असे 2020 साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत ठरले. आपल्या गल्लीला तेही जास्तच आहे.

ट्रॅक्टरचे वेगळे सांगावे लागेल. त्याचे मागचे चाक लहान मुलाच्या डोक्यापेक्षा उंच असते. चाकाजवळ किंवा ट्रॉलीमागे बसलेले मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. ट्रॅक्टर मागे घेताना एका मोठ्या माणसाने खाली उतरून मागे उभे राहावे, पोरांना हाकलावे, मगच इशारा द्यावा. मडगार्डवर पोराला बसवून फिरवणे हे लाड नव्हेत. एक धक्का बसला की ते मूल सरळ चाकाखाली जाते. धानाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल, तर मोटरसायकलवाल्याला ती दिसत नाही.

अठरा वर्षांखालील मुलाला गिअरच्या मोटरसायकलचा परवाना मिळत नाही. तरी किल्ली त्याच्या हाती दिली आणि अपघात झाला, तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. नोकरीसाठी परवाना लागणाऱ्या आपल्या पोरांसाठी हे नुकसान लहान नाही.

रागाच्या भरात काही ठिकाणी लोक स्वतःच सिमेंटचा उंचवटा बांधतात. असा उभा, अरुंद आणि न रंगवलेला उंचवटा वेगापेक्षा मागे एका बाजूला बसलेल्या बाईलाच जास्त पाडतो, गरोदर बाई असेल तर विचारूच नका. नियमाचा स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, हळूहळू चढणारा असतो. त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे फलक लागतो. तो ग्रामसभेत लेखी मागावा. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे हा विषय आधी मांडावा, कारण दिवसभर गल्लीत बायाच असतात. रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने पंचायतीला दिलेला आहे. त्यात आपली रेतीही आली, हे आधी मान्य करून बोलावे.

आता धक्का लागलाच तर. जखमेवर हळद, चुना, तंबाखू भरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध मुलाला पाणी पाजू नये, कांदा हुंगवू नये. मान दुखते म्हणत असेल तर उचलून कवेत घेऊ नये. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. ओकारी होत असेल तर तसेच सरळ ठेवून सगळे अंग एकत्र कुशीवर वळवावे.

डोक्याचा मार फसवा असतो. मूल उठून खेळायला लागते आणि रात्री बिघडते. म्हणून निदान एक दिवस नजर ठेवावी. वारंवार ओकारी, न उतरणारी गुंगी, झटके, अडखळते बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाणी, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. क्षणभर जरी शुद्ध गेली असेल तर लगेच दवाखाना.

108 ला फोन करावा, पोलीस हवे असतील तर 112. जखमीला पोहोचवणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, कायद्याचे कलम 134अ त्याला संरक्षण देते. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोख उपचारांची केंद्राची योजना आहे. दाखल करतानाच, पैशांची जमवाजमव सुरू करण्याआधी, तिच्याबद्दल विचारावे.