लेन्स बसते, पण चालत नाही

पहिला डीएसएलआर घेणारे बहुतेकजण तीन गोष्टी पाहतात: मेगापिक्सेल, किंमत आणि सोबत फुकट मिळणारी बॅग. यांतली एकही पुढे फारशी कामाला येत नाही. स्वस्तातला कॅमेरा आणि त्याच्या वरच्या, मधल्या दर्जाचा कॅमेरा यांतला खरा फरक दुकानात उभं राहून दिसत नाही. तो घरी आल्यावर पहिली वेगळी लेन्स किंवा पहिला फ्लॅश लावला की कळतो. मला तो पन्नास मिलिमीटरच्या एका लेन्सने दाखवला.

२०११ साली मी निकॉनचा डी३१०० घेतला. चौदा मेगापिक्सेल, सोबत १८-५५ची किट लेन्स, हातात धरायला हलका. उन्हातले फोटो त्यावर उत्तम यायचे, आजही ते काढून पाहतो तेव्हा कमी वाटत नाहीत. अडचण यायची घरच्या कार्यक्रमांत. बारसं, साखरपुडा, मंगळागौर हे सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात. किट लेन्स पुढे ओढून पन्नासच्या आसपास नेली की तिचं ॲपर्चर एफ ५.६च्या आसपासच अडतं. एफ १.८ची लेन्स त्याच जागी जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणून मी पन्नास मिलिमीटर एफ १.८ मागितली. दुकानदाराने कपाटातून काढून दिली ती जुन्या ‘डी’ मालिकेतली. ही चालेल ना, असं मी विचारलंही होतं. “अहो साहेब, निकॉनची लेन्स निकॉनला नाही तर कुणाला बसणार?” असं उत्तर मिळालं.

बसली. खटकन बसली. पण पहिल्यांदा कॅमेऱ्याने ‘एफईई’ अशी तीन अक्षरं लुकलुकवली, कारण त्या लेन्सवरची ॲपर्चरची कडी २२वर नेऊन कुलूपबंद करावी लागते. ते जमल्यावर पाहतो तर फोकस हलेना. ‘डी’ लेन्सच्या पोटात मोटर नसते. तिला फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते आणि ती डी९०, डी७००० अशा वरच्या बॉडींत होती. डी३१०० किंवा डी५१००मध्ये नव्हती. पुढच्या डी३५०० आणि डी५६००मध्येही नाही. लेन्समध्ये दोष नव्हता, कॅमेऱ्यातही नव्हता. दोघांची जोडी फक्त चुकीची होती, आणि ती जुळवणाऱ्याला हे ठाऊक असायला हरकत नव्हती.

मग हाताने फोकस. व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला की फोकस जुळला, एवढीच मदत. एफ १.८ला बाळाचा डोळा स्पष्ट आला तर कान धूसर होतो. त्यात बाळ काही आपल्यासाठी थांबत नाही. हातात येणाऱ्या फोटोंत पाळण्याची नक्षी अतिशय सुरेख यायची.

तीच लेन्स पुढे मावसभावाच्या डी७०००ला लावली तेव्हा कर्र असा आवाज करून ती क्षणात चेहऱ्यावर थांबली. ‘मग मधल्या दर्जाचाच घ्यावा’ असा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांनी मावसभावाची हकीकतही ऐकावी. त्याने सगळं बजेट बॉडीत घातलं. लेन्ससाठी पैसे उरले नाहीत, वर वजन वाढलं. तो कॅमेरा कायम ‘ऑटो’वर राहिला. सहलीला न्यायचा कंटाळा येऊ लागला आणि कोकणातल्या घरात दोन पावसाळे कपाटात बंद राहून लेन्समध्ये बुरशी धरली. मोटर असलेली बॉडी त्याच्याकडे, मोटरची गरज असलेली लेन्स माझ्याकडे. एकूण आमचं कुटुंब सुसज्ज होतं.

फोटोच्या दर्जाबद्दल मनात धरलेली समजूत आधी काढून टाका. डी३५०० चोवीस मेगापिक्सेलचा, आणि त्याच्याहून कितीतरी महाग असलेला डी७५०० जेमतेम एकवीसचा. भरपूर उजेडात एकाच लेन्सने काढलेले या दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कशाचा हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

जास्तीचे पैसे जातात ते हाताच्या सोयीसाठी. स्वस्त बॉडीला एकच चक्र असतं. मॅन्युअलवर शटर स्पीड त्या चक्राने बदलायचा, ॲपर्चर बदलायचं तर एक बटण दाबून धरून तेच चक्र फिरवायचं. वरच्या बॉडीला अंगठ्याला एक आणि तर्जनीला एक अशी दोन चक्रं असतात. ऐकताना हे क्षुल्लक वाटतं. पण लग्नात नवरानवरी मंडपातल्या उजेडातून बाहेरच्या उन्हात येतात तेव्हा जो फोटो मिळतो किंवा हुकतो, तो या बटणावर. व्ह्यूफाइंडरचंही तसंच. स्वस्त निकॉनमध्ये चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो आणि तोही थोडा अंधुक, कारण आत भरीव काचेच्या प्रिझमऐवजी आरसे असतात. कडेला उभ्या काकांचा अर्धा हात फोटोत कसा आला, याचं उत्तर त्या उरलेल्या पाच टक्क्यांत आहे.

पक्ष्यांचा नाद असेल तर फरक आणखी ठळक होतो. भिगवणला होडीतून उडते रोहित टिपायचे तर डी३५००चे ११ फोकस बिंदू आणि सेकंदाला ५ फोटो तोकडे पडतात. डी७५०० ५१ बिंदू आणि ८ फोटो देतो. तिथे मधला दर्जा ही चैन नाही. पण असा नाद खरोखर आहे का, हे कॅमेरा घेण्याआधी नव्हे, वर्षभर फिरल्यावर कळतं.

कॅननवाल्यांना लेन्सच्या मोटरची काळजी नाही. १९८७पासून त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच पोटात आहे. त्यांचा सापळा वेगळा. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क दोन या बॉडींच्या माथ्यावर फ्लॅश लावायची जी खाच असते, तिच्यातला मधला संपर्कबिंदू कंपनीने काढून टाकला. कंपनीचे स्वतःचे फ्लॅश त्यावर चालतात. पण बाजारातले स्वस्त साधे फ्लॅश आणि स्टुडिओतले ट्रिगर ज्या बिंदूवर पेटतात तोच तिथे नाही. गावाकडच्या एखाद्या स्टुडिओत काम शिकायला जाणाऱ्या मुलाने हे तिन्ही कॅमेरे घेऊ नयेत. शिकवणाऱ्याचे दिवे त्याच्या कॅमेऱ्याला ओळखच देणार नाहीत.

‘पाणी-धूळरोधक बॉडी’ हे शब्दही जपून ऐका. डी७५००सारख्या बॉडीच्या सांध्यांना तसं संरक्षण आहे, पण सोबतच्या किट लेन्सला बहुधा नसतं. दिवेघाटात पालखीबरोबर चालताना सर आली तर पाणी लेन्समधूनच आत जाईल. मी जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड वापरतो. अजून तरी भागलं आहे.

हे सगळं पाहून माझं मत असं. घरचे कार्यक्रम, प्रवास, गडकोट एवढ्यासाठी घेत असाल तर सर्वांत साधी बॉडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत एफ १.८ची एक लेन्स घ्या. निकॉनला ३५ किंवा ५० मिलिमीटरची ‘जी’, कॅननला ५० मिलिमीटरची ‘एसटीएम’. या लेन्समध्ये मोटर आत आहे. एकूण पैशांतला निदान तिसरा हिस्सा लेन्ससाठी राखा. फिरत्या पडद्यासाठी किंवा स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यासाठी अर्धी पायरी वर चढू नका. डी५६००मध्ये ते दोन्ही मिळतं, पण चक्र एकच आणि मोटर नाहीच. फोटोग्राफी हे पोटापाण्याचं साधन करायचं ठरलं असेल तर मात्र मधला दर्जाच, पण वापरलेला.

वापरलेला म्हणतो, कारण निकॉन आणि कॅनन दोघांचाही भर आता मिररलेसवर आहे. डी३५००चं उत्पादन थांबलं. लोक जुने डीएसएलआर विकून टाकताहेत, त्यामुळे मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारापासून कुठल्याही शहरात मधल्या दर्जाच्या बॉडी पूर्वीच्या मानाने फार स्वस्तात मिळतात. इथेही माझ्या जुन्या अनुभवाची उलटी आवृत्ती तयार आहे. निकॉनच्या नव्या ‘एएफ-पी’ लेन्स जुन्या डी७०००वर किंवा डी९०वर फोकसच करत नाहीत, आणि त्यांची कडी विजेवर चालत असल्याने हातानेही फोकस होत नाही. म्हणजे जुनी भारी बॉडी आणि नवी स्वस्त लेन्स ही जोडीसुद्धा बसते, पण चालत नाही.

घेताना स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. ज्या लेन्स वापरणार आहात त्या तिथेच लावून पाहा. एफ १६ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स घरात आणू नका. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये आजवर किती वेळा शटर पडलं याची नोंद असते. कॅननच्या बहुतेक फाइलींत ती नसते, तिथे सर्व्हिस सेंटरकडून पाहून घ्या. डी७०००चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत चाचणी केलेलं आहे, त्यावरून अंदाज बांधा. बिलावरचा क्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. आणि एवढं सगळं तपासायला विकणारा आढेवेढे घेत असेल तर पैसे खिशात ठेवून सरळ घरी या.